जॅमरने ड्रोन पडतो का?

नागपुरात सदर हा भाग मध्यभागी धरून चार-पाच किलोमीटरचं वर्तुळ काढलं, तर त्यात राजभवन येतं, विधानभवन येतं, मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ येतं, रिझर्व्ह बँक, सीताबर्डीचा किल्ला आणि वायुसेनानगरातलं हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालयही येतं. त्याच वर्तुळात मंगळवारी बाजार आहे, मेयो रुग्णालय आहे, रेल्वे स्टेशन आहे, शाळा, चर्च, हॉटेलं आणि गड्डीगोदामसारखी दाट वस्ती आहे. जपायच्या जागा आणि राहती माणसं इतकी खेटून असलेला भाग विदर्भात क्वचितच सापडेल. आकाशात अनोळखी ड्रोन दिसला तर काय करायचं, हा प्रश्न इथे चर्चेपुरता उरत नाही.

मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षात टीव्हीवर रात्रंदिवस ड्रोन दिसले आणि ‘जॅमर’ हा शब्द पानठेल्यापर्यंत पोचला. लोकांच्या मनातलं चित्र साधारण असं आहे: जवान बंदुकीसारखं यंत्र आकाशाकडे रोखतो, घोडा दाबतो आणि ड्रोन धाडकन खाली येतो. प्रत्यक्षात जॅमर ड्रोनला धक्काही लावत नाही. तो फक्त ड्रोन आणि त्याचा चालक यांच्यातलं बोलणं तोडतो. त्यानंतर ड्रोन काय करील, हे त्याच्या निर्मात्याने किंवा चालकाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. जॅमरची ताकद आणि त्याच्या मर्यादा, दोन्ही इथूनच निघतात.

कानात गोंगाट

बाजारात मिळणाऱ्या साध्या ड्रोनला तीन रेडिओ-धागे असतात. पहिला रिमोटकडून ड्रोनकडे जाणाऱ्या हुकमांचा. दुसरा ड्रोनकडून परत येणाऱ्या चित्राचा आणि बॅटरी, उंची, वेग या माहितीचा. तिसरा उपग्रहांचा, त्यात ड्रोन फक्त ऐकतो, बोलत नाही. पहिले दोन धागे बहुतेक वेळा २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, म्हणजे घरातल्या वाय-फायच्या शेजारीच. हौशी मंडळी सुटे भाग आणून ड्रोन जोडतात, त्यात ४३३, ८६८ किंवा ९१५ मेगाहर्ट्झही वापरले जातात. जीपीएसचा मुख्य नागरी सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो.

जॅमर या पट्ट्यांमध्ये निरर्थक सिग्नल सोडतो. बोलणाऱ्याचं तोंड त्याला बंद करता येत नाही, म्हणून तो ऐकणाऱ्याच्या कानात गोंगाट भरतो. हा तपशील महत्त्वाचा आहे. हुकमांचा धागा तोडायचा तर गोंगाट ड्रोनपर्यंत पोचला पाहिजे. चित्राचा धागा तोडायचा तर तो चालकाच्या हातातल्या रिमोटपर्यंत किंवा डोळ्यांवरच्या गॉगलपर्यंत पोचला पाहिजे, आणि हा चालक कुठल्या गच्चीवर बसला आहे हे बहुधा ठाऊकच नसतं. त्यामुळे बहुतेक जॅमर ड्रोनवरच नेम धरतात.

आता थोडं गणित करून पाहू. समजा, रिमोटची ताकद एका वॅटचा दहावा हिस्सा आहे आणि जॅमरची दहा वॅट, म्हणजे शंभरपट. अंतर दुप्पट झालं की रेडिओ सिग्नल चौपट क्षीण होतो. चालक ड्रोनपासून एक किलोमीटरवर आणि जॅमर अर्ध्या किलोमीटरवर असेल, तर ड्रोनच्या अँटेनापाशी जॅमरचा आवाज रिमोटच्या चारशेपट भरतो. उलट चालक शंभर मीटरवर आणि जॅमर एक किलोमीटरवर असेल, तर जॅमरची शंभरपट ताकद दहापट अंतरात पूर्ण खर्ची पडते आणि दोघांचा आवाज सारखाच उरतो. तोही कागदावर. कारण रिमोटला पट्ट्यातली एखादी अरुंद फटच लागते आणि जॅमरला चालक नेमका कुठल्या फटीत आहे हे माहीत नसल्याने आपली ताकद २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झच्या सगळ्या पट्ट्यावर पसरावी लागते. फटीत त्याचा अगदी लहान हिस्सा पडतो.

म्हणजे एखाद्या जॅमरचा पल्ला ‘दोन किलोमीटर’ असं माहितीपत्रकात लिहिलेलं असलं, तरी तो आकडा एकट्या जॅमरचा कधीच नसतो. चालक, ड्रोन आणि जॅमर या तिघांच्या जागा ठरल्याशिवाय पल्ला ठरत नाही. सदरसारख्या भागात चालक लक्ष्याच्या अगदी जवळच्या इमारतीत बसू शकतो आणि मधल्या भिंती जॅमरचा सिग्नल आणखी खातात. मोकळ्या माळावर चाचणीत उत्तम ठरलेलं यंत्र गल्लीबोळात तितकंच चालेल, याची हमी कुणी देऊ शकत नाही.

ही अडचण ओलांडायला जॅमरच्या वेगवेगळ्या जाती निघाल्या. सगळ्या पट्ट्यावर एकदम गोंगाट करणारा जॅमर सर्वांत सोपा आणि सर्वांत उधळा. एकाच फ्रिक्वेन्सीवर जोर लावणारा काटकसरी, पण ड्रोनने जागा बदलली की निरुपयोगी. पट्टा भराभर झाडत जाणारा या दोहोंच्या मधला. आधी ऐकून, ड्रोन बोलला रे बोलला की त्याच फटीत गोंगाट सोडणारा जॅमर सर्वांत चलाख आणि महागही. ज्याला लोक ‘ड्रोन गन’ म्हणतात, त्यात दिशादर्शक अँटेना असतो. तो ताकद एका झोतात आणतो, त्यामुळे तेवढ्याच बॅटरीत पल्ला वाढतो आणि आजूबाजूला त्रास कमी होतो. पण ड्रोन नजरेत ठेवून झोत त्याच्यावर धरून ठेवावा लागतो.

याहून वेगळा मार्ग म्हणजे ड्रोनची भाषा ओळखून त्याच्याशी त्याच्या रिमोटच्या आवाजात बोलायचं आणि त्याला ताब्यात घेऊन ठरलेल्या जागी उतरवायचं. इस्रायलच्या डी-फेंड कंपनीची यंत्रणा याच तत्त्वावर चालते. शहरासाठी ही पद्धत सगळ्यांत सभ्य, कारण शेजारचं वाय-फाय शाबूत राहतं. मात्र जी भाषा यंत्रणेला येते, तेवढेच ड्रोन तिच्या हाती लागतात. घरी जोडलेला किंवा नव्या सॉफ्टवेअरचा ड्रोन तिला दाद देत नाही.

सिग्नल तुटल्यावर

हुकूम येणं थांबलं की बाजारातला ड्रोन काय करतो? तो घाबरून पडत नाही. उडताना पुरेसे उपग्रह मिळाले की तो ‘घर’ म्हणून त्या जागेची नोंद करून ठेवतो. रिमोटचा आवाज काही सेकंद आला नाही, तर तो आधी ठरवून दिलेल्या उंचीपर्यंत वर चढतो, घराच्या दिशेने वळतो आणि तिथे जाऊन उतरतो. सेटिंग बदलून ‘आहे तिथेच घिरट्या घाल’ किंवा ‘जागीच उतर’ असंही सांगता येतं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या ड्रोनवाल्यांना ही घरवापसी अंगवळणी पडलेली असते. कोराडी रोड किंवा काटोल रोडच्या एखाद्या लॉनवर सिग्नल गेला, तरी त्यांचं महागडं यंत्र हातात परत येतं, ते याच सोयीमुळे.

पोलिसांच्या दृष्टीने ही घरवापसी म्हणजे घबाड आहे. फक्त हुकमांचा धागा तोडला आणि उपग्रहांचा धागा चालू ठेवला, तर ड्रोन स्वतःच चालकाच्या दारापर्यंत वाट दाखवत जातो. दोन्ही धागे एकदम तोडले तर मात्र त्याला घर कुठे आहे हेच कळत नाही. आतल्या होकायंत्राच्या आणि दाबमापकाच्या भरवशावर तो उंची धरून राहतो, पण वारा नेईल तिकडे सरकत जातो, संक्रांतीला कटलेल्या पतंगासारखा. फरक एवढाच की पतंग कागदाचा असतो आणि ड्रोन दोन-चार किलोचा, फिरत्या पात्यांचा.

म्हणून ‘जॅमर लावला, धोका टळला’ हे समीकरण गर्दीच्या जागी फसवं आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक जमतात. अशा ठिकाणी भरकटलेला ड्रोन चालकाच्या ताब्यातल्या ड्रोनपेक्षा सुरक्षित असेलच असं नाही. आणि ड्रोनला काही घातक बांधलेलं असेल, तर तो कुठे उतरवायचा हा निर्णय सिग्नल तोडण्याआधी घेतलेला असला पाहिजे.

उपग्रहांचा दुबळा आवाज

तिन्ही धाग्यांत सर्वांत नाजूक धागा उपग्रहांचा. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून बोलतात. त्यांचा सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हा एका वॅटचे दहा हजार लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढाच उरतो. एवढ्या क्षीण आवाजावर मात करायला फारसं काही लागत नाही. २०१३ साली अमेरिकेत एका ट्रकचालकाला सुमारे ३२,००० डॉलरचा दंड झाला. मालकाला आपली गाडी कुठे आहे हे कळू नये म्हणून त्याने गाडीत छोटा जीपीएस जॅमर लावला होता, आणि नेवार्क विमानतळाजवळून जाता-येता त्याने तिथली विमानं उतरवण्याची नवी यंत्रणा बिघडवली. त्याला विमानांशी काही देणंघेणं नव्हतं.

गोंगाटापेक्षा कावेबाज प्रकार म्हणजे स्पूफिंग. उपग्रहासारखाच दिसणारा खोटा सिग्नल थोडा मोठ्या आवाजात पाठवला की ड्रोन आपण भलतीकडेच आहोत असं समजतो. टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये व्हाइट सँड्स इथे एका छोट्या मानवरहित हेलिकॉप्टरला असं फसवून दाखवलं. अनेक ड्रोनमध्ये विमानतळांच्या हद्दी आधीच भरलेल्या असतात. त्यामुळे ‘तू विमानतळावर आहेस’ एवढं पटवलं तरी असा ड्रोन उतरायला लागतो.

पण हा खोटा सिग्नल फक्त ड्रोनलाच ऐकू जाईल, अशी सोय नसते. त्याचा फटका भारतीय विमानांनीही खाल्ला आहे. मार्च २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत लेखी उत्तरात सांगितलं, की नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, जीपीएसमध्ये अडथळ्याच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्या. नागपूर सीमेपासून दूर आहे खरं, पण देशाच्या मध्यावर असल्याने उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारी कितीतरी विमानं याच आकाशातून जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळही सदरपासून सरळ रेषेत फार तर आठ-नऊ किलोमीटर. शिवाय मोबाइलचे टॉवर एकमेकांशी वेळ जुळवायला उपग्रहांच्याच घड्याळांवर विसंबतात. उपग्रहांचा धागा तोडण्याची किंमत अशी दूरवर वसूल होते, आणि कुणी काय बिघडवलं हे भरणाऱ्याला कळतही नाही.

आधी दिसायला हवा

या सगळ्याआधीची पायरी म्हणजे ड्रोन दिसणं. सामान्य माणसाला ही पायरी किरकोळ वाटते, पण पैसा आणि डोकं दोन्ही इथेच सर्वांत जास्त खर्च होतं. छोट्या ड्रोनचं प्लास्टिकचं अंग रडारवर एखाद्या पक्ष्याएवढंच दिसतं. गोरेवाडा आणि सेमिनरी हिल्सच्या घारी, पारवे आणि बगळे रडारच्या पडद्यावर त्याच्याशी सहज गल्लत घडवतात. म्हणून आधुनिक रडार पात्यांच्या फिरण्याने येणारी सूक्ष्म थरथर शोधतं. पक्ष्याच्या पंखांची थरथर निराळी असते. जोडीला रेडिओ ऐकणारे संवेदक लागतात. ते ड्रोनचं आणि रिमोटचं बोलणं पकडून दिशा सांगतात आणि कधीकधी चालकाची जागाही दाखवतात. खात्री करायला दिवसाचे आणि उष्णता टिपणारे कॅमेरे. यांतलं एकटं कुठलंच साधन पुरत नाही.

ओळख पटली नाही तर काय होतं, याचा धडा लंडनच्या गॅटविक विमानतळाने दिला. १९ डिसेंबर २०१८ च्या रात्री धावपट्टीजवळ ड्रोन दिसल्याच्या बातम्या आल्या आणि नाताळच्या तोंडावर सुमारे एक हजार उड्डाणं विस्कळीत झाली, १,४०,००० प्रवासी अडकले. ड्रोन कुणी उडवला हे आजतागायत सिद्ध झालेलं नाही. महाराष्ट्रात २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, अहिल्यानगर, बीड, जालना या जिल्ह्यांतल्या गावांनी रात्री आकाशात दिवे पाहिले आणि गावोगाव राखण बसली. त्या वेळी लोकांना जॅमर हवा होता. त्याआधी हवं होतं ते दिवा ड्रोनचा की विमानाचा, हे सांगणारं कुणीतरी.

सुटकेच्या वाटा

रेडिओवर चालणारं शस्त्र आणि जॅमर यांची कुस्ती ड्रोनइतकी नवी नाही. १९४३ मध्ये जर्मनीने रेडिओने वळवता येणारे दोन बॉम्ब मैदानात आणले, एचएस-२९३ आणि फ्रिट्झ-एक्स. ९ सप्टेंबर १९४३ रोजी फ्रिट्झ-एक्सने ‘रोमा’ ही इटालियन युद्धनौका बुडवली. दोस्त राष्ट्रांनी पाडाव झालेली यंत्रं तपासली, फ्रिक्वेन्सी शोधली आणि जहाजांवर जॅमर बसवले. जर्मनांनी उत्तर म्हणून एचएस-२९३ ची तारेने चालणारी आवृत्ती तयार केली. ती प्रत्यक्ष युद्धात उतरली नाही.

ऐंशी वर्षांनी तीच तार परत आली आहे. युक्रेनच्या युद्धात जॅमर इतके वाढले, की २०२४ पासून आधी रशियाने आणि मग युक्रेनने काचेच्या बारीक तंतूवर चालणारे ड्रोन आणले. ड्रोनच्या पोटातलं रीळ उलगडत जातं, हुकूम आणि चित्र दोन्ही तंतूतून जातात. दहा-वीस किलोमीटरपर्यंत रेडिओचा पत्ताच नाही, तर जॅमर गोंगाट कुणाच्या कानात भरणार? दुसरी वाट म्हणजे सेकंदाला कित्येकदा फ्रिक्वेन्सी बदलत राहणं. तिसरी, शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्याने लक्ष्य ओळखून ड्रोनने स्वतःच झेप घेणं. चौथी वाट शहरांसाठी जास्त काळजीची आहे. १ जून २०२५ रोजी युक्रेनने रशियाच्या आत उभ्या केलेल्या लॉऱ्यांमधून, त्यांच्याच सांगण्यानुसार, ११७ ड्रोन सोडले आणि ते मोबाइलच्या जाळ्यावरून चालवले. असा ड्रोन थांबवायचा तर शहराचं मोबाइल नेटवर्कच बंद करावं लागेल.

थोडक्यात, जॅमर बाजारातल्या ड्रोनला भारी पडतो. ज्याने जॅमरचा विचार करूनच ड्रोन बनवला आहे, त्याच्यापुढे तो हतबल ठरतो. शहराला पहिल्या जातीचे ड्रोन रोज भेटतात, लष्कराला दुसऱ्या जातीचे. दोघांची औषधं एक असू शकत नाहीत.

बाजारगावचं उत्तर

हा फरक समजून घ्यायला नागपूरकरांना युक्रेनपर्यंत जायचीही गरज नाही. अमरावती रोडने बाजारगावला गेलं, की सोलर इंडस्ट्रीजचा कारखाना लागतो. खाणींसाठी स्फोटकं बनवण्यापासून सुरू झालेला हा उद्योग आता जॅमरच्या दोन्ही बाजूंना उभा आहे.

एका बाजूला ‘नागास्त्र-१’ आहे. हे घिरट्या घालून लक्ष्यावर कोसळणारं मानवरहित शस्त्र आहे. वजन सुमारे नऊ किलो, सोबत एक किलोचं स्फोटक, हवेत राहण्याची मुदत साधारण अर्धा तास. चालकाच्या ताब्यात असताना पल्ला १५ किलोमीटरपर्यंत, स्वतःच्या बळावर सोडल्यास ३० किलोमीटरपर्यंत. हे दोन आकडे शेजारी ठेवले की जॅमरची गोष्ट सगळी उलगडते: चालकाचा धागा तुटला तरी याचं काम थांबत नाही. लक्ष्य मिळालं नाही तर पॅराशूटने ते परत उतरवता येतं. सैन्याने ४८० नगांची मागणी नोंदवली आणि १२० ची पहिली खेप जून २०२४ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडारात पोचली. ३० मार्च २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींनी या कारखान्यात १,२५० मीटर लांबीची, मानवरहित विमानांसाठीची धावपट्टी आणि चाचणीची सोय खुली केली.

दुसऱ्या बाजूला ‘भार्गवास्त्र’ आहे. जॅमरला न जुमानणाऱ्या ड्रोनच्या थव्यांसाठी हा तोडगा. १३ मे २०२५ रोजी ओडिशातल्या गोपाळपूरच्या चाचणी क्षेत्रात त्याच्या तीन चाचण्या झाल्या. दोनदा एकेक छोटं रॉकेट सोडलं, एकदा दोन सेकंदांत दोन. चारही अपेक्षेप्रमाणे गेली. रडार ६ ते १० किलोमीटरवरून धोका हेरतं, पहिल्या थरातली बिनमार्गदर्शनाची रॉकेटं २.५ किलोमीटरपर्यंत जातात आणि वीस मीटरच्या परिघातले ड्रोन निकामी करतात. दुसरा थर मार्गदर्शित छोट्या क्षेपणास्त्रांचा. आणि जॅमिंग-स्पूफिंग? तेही या रचनेत आहे, हवा असल्यास जोडता येणारा वाढीव थर म्हणून. लष्करी आखणीत जॅमर अशा सहाय्यक भूमिकेत आलाय, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

देशातला अनुभवही हेच सांगतो. २७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाई तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली गेली आणि दोनच महिन्यांनी, ३१ ऑगस्टला, नौदलाने डीआरडीओने घडवलेली ड्रोनविरोधी यंत्रणा घेण्याचा करार भारत इलेक्ट्रॉनिक्सशी केला. या यंत्रणेत रडार, रेडिओ संवेदक, कॅमेरे आणि जॅमर यांच्या जोडीला लेझरही आहे. ८ आणि ९ मे २०२५ च्या मधल्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचं लष्कराने सांगितलं. त्यांना सिग्नल तोडूनही थोपवलं गेलं आणि तोफांनीही. त्यात चाळीस मिलिमीटरची जुनी एल-७० तोफही कामाला आली. पंजाबच्या सीमेवर सीमा सुरक्षा दलाने २०२३ मध्ये १०७ आणि २०२४ मध्ये २९४ ड्रोन हस्तगत केले. त्यातले बरेच चिनी बनावटीचे, दुकानात मिळणारे होते. नेमका तोच वर्ग, जिथे जॅमर लागू पडतो.

कुणाच्या हाती जॅमर

राजभवनापासून दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या माणसाला आपल्या गच्चीवर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनचा कितीही संताप आला, तरी त्याला जॅमर विकत घेता येत नाही. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने २१ जानेवारी २०२२ च्या सूचनेत स्पष्ट केलं, की खासगी व्यक्ती वा संस्थांना जॅमर घेणं-वापरणं मना आहे आणि त्यांची जाहिरात, विक्री, वाटप, आयात बेकायदा आहे. सरकारी यंत्रणांनाही मंत्रिमंडळ सचिवालयाच्या नियमांतूनच जावं लागतं. ऑनलाइन ‘ड्रोन जॅमर’ शोधून मागवणारा माणूस आपल्या घरचं रक्षण करत नाही, शेजारच्या दवाखान्याच्या वाय-फायवर आणि पोलिसांच्या स्वतःच्या ड्रोनवर बोळा फिरवतो. पोलीस आता बंदोबस्तात सर्रास ड्रोन वापरतात आणि जॅमर आपला-परका ओळखत नाही.

ड्रोन उडवण्याचे नियम मात्र बरेच सोपे आहेत. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाची लाल, पिवळी आणि हिरवी अशी वाटणी केली. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकाची लागते. लाल पट्ट्यात केंद्राची. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या भागात बिनपरवाना मर्यादा २०० फूट, त्याच्या आत ती सवलतही नाही. सदर या बारा किलोमीटरच्या आतच येतं. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही. पण जागेचे नियम त्यालाही लागू आहेत. हे कितीजणांना ठाऊक असतं? वाढदिवसाला खेळण्यासारखा घेतलेला ड्रोन राजभवनाच्या झाडांवरून जातो तेव्हा उडवणाऱ्याला आपण काही मोडलंय याची कल्पनाही नसते.

स्थानिक पातळीवरही अधिकार आहेत. तातडीची गरज असेल तर पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी एखाद्या भागात एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल पट्टा जाहीर करू शकतो. नागपूर पोलिसांनी जानेवारी २०२४ मध्ये महाल भागातल्या संघ मुख्यालयाच्या परिसरात ड्रोन आणि चित्रीकरणावर बंदी घातली होती. मुंबईत पश्चिम नौदल कमांडने जुलै २०२१ मध्ये आपल्या ठाण्यांभोवती तीन किलोमीटरचा पट्टा ड्रोनसाठी बंद केला. बंदीचा कागद निघतो, पण तो ड्रोन विकणाऱ्या दुकानापर्यंत आणि लग्नाच्या शूटिंगवाल्यापर्यंत पोचतोच असं नाही.

सदरसाठी काय

एवढा पसारा पाहिल्यावर शहरासाठी क्रम स्पष्ट होतो. पहिला पैसा रेडिओ ऐकणाऱ्या संवेदकांवर जावा. ते काहीच प्रसारित करत नाहीत, कुणाचं काही बिघडवत नाहीत आणि ड्रोनसोबत चालकाचाही माग काढू शकतात. शहरातल्या बहुतांश घटनांत खरं उत्तर जमिनीवर असतं, रिमोट हातात धरून. त्याला गाठलं की ड्रोन आपोआप उतरतो.

दुसरी गोष्ट नियमांचा प्रसार. अधिवेशनाच्या काळात, व्हीआयपी दौऱ्यांत किंवा मोठ्या मेळाव्यांत बंदी लागते तेव्हा ती वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापून भागत नाही. शूटिंगवाल्यांच्या संघटना, लॉनचे मालक आणि ड्रोनचे विक्रेते यांना ती थेट कळवली तर कैक अनोळखी ड्रोन त्याच दिवशी ओळखीचे होतील आणि उरलेल्यांवर लक्ष ठेवणं सोपं जाईल.

जॅमर त्यानंतर यावा, आणि आला तरी अटींसह. दिशादर्शक अँटेनाचा, कमीत कमी वेळेसाठी, आधी फक्त हुकमांच्या धाग्यावर. उपग्रहांच्या सिग्नलला हात लावण्याआधी विमानतळाच्या नियंत्रण कक्षाला कळवणं बंधनकारक असावं. प्रत्येक वापराची नोंद राहावी: कुठे, केव्हा, किती सेकंद, कुणाच्या आदेशाने आणि ड्रोन शेवटी कुठे उतरला. पोलिसांनी झाडलेल्या गोळीचा हिशेब द्यावा लागतो. जॅमरचा झोत दिसत नाही, आवाज करत नाही, पण तो भिंतीपलीकडच्या लोकांनाही लागतो. त्याचा हिशेब गोळीपेक्षा कमी कडक असण्याचं कारण नाही.

तंतूवर, मोबाइलवर किंवा स्वतःच्या बुद्धीने चालणाऱ्या ड्रोनसमोर यांतलं काहीच पुरणार नाही, हे मान्य करावं लागेल. ती लढाई लष्कराची आहे आणि तिची तयारी बाजारगावात चालू आहे. मंगळवारी बाजारावर रॉकेट सोडून ड्रोन पाडणं मात्र कुणालाच परवडणारं नाही. म्हणून शहराच्या सुरक्षेचा पाया लवकर ओळखणं आणि चालकापर्यंत पोचणं यावरच घालावा लागेल. महागडी ड्रोन गन घेऊन फोटो काढण्याआधी ती चालवणाऱ्याला एवढं विचारलं पाहिजे: ड्रोनचा सिग्नल तुटल्यावर तो कुठे जाणार? याचं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याने घोडा दाबू नये.